फाइल बदलली, हे कोणी सांगायचे?

शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्रोग्रॅम दर मिनिटाला तापमान मोजून फाइलमध्ये लिहितो आणि दुसरा प्रोग्रॅम त्या फाइलवरून आलेख काढतो, असे समजा. नवी नोंद आली हे दुसऱ्याला कसे कळायचे?

सर्वांत जुना मार्ग म्हणजे विचारत राहणे. युनिक्स घराण्यातील कार्यप्रणालींमध्ये 'स्टॅट' या सिस्टिम कॉलने फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ मिळते. दर सेकंदाला ती पाहायची, आधीच्या वेळेशी ताडायची. एका फाइलसाठी हे पुरते. फाइली पन्नास हजार असल्या तर संगणकाचा बराच वेळ 'काही नवीन नाही' एवढेच ऐकण्यात जातो. शिवाय फॅट पद्धतीने मांडलेल्या पेनड्राइव्हवर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जाते. एकाच टप्प्यात दोनदा बदल झाला आणि आकार तोच राहिला, तर दुसरा बदल या तपासणीला दिसतच नाही.

मग कार्यप्रणालीनेच का सांगू नये? लिहिण्याची विनंती तर तिच्याकडेच येते. लिनक्समध्ये आधी 'डीनोटिफाय' ही सोय होती. ती फक्त डिरेक्टरीपुरती चाले, आणि ती डिरेक्टरी सतत उघडी धरावी लागल्याने काढता येण्याजोगी डिस्क वेगळी करता येत नसे. 2005 साली लिनक्सच्या 2.6.13 या आवृत्तीत जॉन मॅककचन आणि रॉबर्ट लव्ह यांचे 'इनोटिफाय' आले. एका कॉलने सूचनांची रांग उघडायची, दुसऱ्याने कशावर नजर ठेवायची ते सांगायचे, आणि साध्या 'रीड'ने सूचना वाचायच्या. सूचना नसेल तोवर प्रोग्रॅम झोपून राहतो. ही मांडणी आम्हाला मनापासून आवडते.

आमची तक्रार ती शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. 'आता फाइलमधला प्रत्येक बदल कळेल' असे सांगून बहुतेक धडे संपतात. ते खरे नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. आपण 'गुण' नावाच्या फाइलवर नजर ठेवली. फाइलचे नाव म्हणजे दारावरची पाटी. आतली खरी वस्तू म्हणजे आयनोड, आणि इनोटिफायची नजर आयनोडवर असते. आता कित्येक संपादक फाइल जतन करताना जुनीवर लिहीत नाहीत. ते शेजारी नवी फाइल लिहितात आणि तिला 'गुण' हे नाव देतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल उरू नये. रीत शहाणपणाची आहे. पण पाटी नव्या घरावर गेली आणि आपला पहारेकरी जुन्या घरापाशीच राहिला! पहिल्या जतनानंतर सूचना बंद झाल्या की विद्यार्थी आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. उपाय म्हणजे फाइलऐवजी तिच्या डिरेक्टरीवर नजर ठेवणे.

डिरेक्टरीचेही दुखणे आहेच. इनोटिफाय पोटडिरेक्टऱ्यांत उतरत नाही. नवी पोटडिरेक्टरी तयार झाल्याची सूचना वाचून तिच्यावर पहारा बसवेपर्यंत तिच्यात फाइली येऊनही गेलेल्या असू शकतात. सूचनांची रांगही अमर्याद नाही. नेहमीची मर्यादा 16,384 आहे. ती भरली की पुढच्या सूचना टाकून दिल्या जातात आणि 'रांग भरून वाहिली' एवढेच कळते. काय हुकले ते कळत नाही. फाइल स्मृतीत जोडून (एममॅप करून) त्या मार्गाने केलेले बदलही इनोटिफाय कळवत नाही.

शाळांना जास्त बाधेल अशी गोष्ट नेटवर्कची आहे. सामायिक डिस्कवर दुसऱ्या संगणकावरून कोणी गुण बदलले, तर आपल्या संगणकाच्या कर्नेलमधून ते लिहिणे गेलेलेच नसते. त्यामुळे इनोटिफाय गप्प राहते. तेथे जुनी विचारत राहण्याची पद्धतच उपयोगी पडते.

इतरांनी काय केले? विंडोजच्या कॉलला पोटडिरेक्टऱ्यांसह नजर ठेवायला सांगता येते. तेथेही बफर भरला की सूचना गळतात. 2007 च्या मॅक ओएस एक्स 10.5 मधील 'एफएसइव्हेंट्स' मुख्यतः डिरेक्टरीच्या पातळीवर बोलते, पण नोंदवही डिस्कवर ठेवते. त्यामुळे बंद असलेला प्रोग्रॅम सुरू झाल्यावर 'मधल्या काळात कुठे काय झाले?' असे विचारू शकतो. ही सोय इनोटिफायमध्ये नाही, आणि आमच्या मते तिची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

म्हणून सूचना आली की फाइल पुन्हा उघडून तपासावी, आणि प्रोग्रॅम सुरू होताना व रांग भरल्यावर सगळी डिरेक्टरी एकदा पाहून घ्यावी. वर्गात करून पाहायचे असेल तर लिनक्सवर 'इनोटिफायवेट' ही आज्ञा सतत पाहण्याच्या पर्यायासह एका खिडकीत चालवा. दुसऱ्या खिडकीत तीच फाइल दोन वेगवेगळ्या संपादकांत उघडून एकेक अक्षर बदला, जतन करा आणि दोन्ही वेळच्या सूचनांच्या याद्या मुलांना शेजारीशेजारी लिहायला सांगा.