अंतरपट, दर्शनमंडप, दयासन : निर्गमातील मंडपवर्णनाची मराठी परिभाषा

पुण्याच्या लष्कर भागातील ‘ओहेल दावीद’ हे सिनॅगॉग १८६७ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या तांबड्या विटा आणि उंच मनोरा पाहून पुणेकरांनी त्यास ‘लाल देऊळ’ म्हटले व तेच नाव रूढ झाले. वास्तविक हिब्रू ‘ओहेल’ म्हणजे तंबू. रास्ता पेठेतील बेने इस्रायल समाजाच्या सिनॅगॉगाचे नाव ‘सुक्कथ शेलोमो’; त्यातील ‘सुक्का’ म्हणजे मांडव. पक्क्या इमारतींना अशी नावे असावीत ह्यात विसंगती मुळीच नाही. इस्रायली पवित्र वास्तूचे सर्वांत तपशीलवार वर्णन निर्गमाच्या पुस्तकात येते, आणि ते खांब, कापड व बैठका सुट्या करून वाहून नेता येणाऱ्या मंडपाचेच आहे.

ह्या तपशिलांचा अर्थ काय, ह्यावर पुष्कळ लिहिले गेले. पहिल्या शतकातील योसेफसने पडद्याच्या चार द्रव्यांत पृथ्वी, समुद्र, वायू व अग्नी पाहिले. कल्पना रमणीय आहे; परंतु मूळ संहिता तसे कोठेही सांगत नाही. ती सांगते ती मापे, धातू आणि विणकामाचे प्रकार. आतील पडद्याच्या चार खांबांना रुप्याच्या बैठका, तर मंडपाच्या दाराशी असलेल्या पाच खांबांना पितळेच्या. आतील पडदा ‘होशेव’ पद्धतीचा, करूबांच्या आकृती असलेला; दाराचा ‘रोकेम’ पद्धतीचा, त्यात करूब नाहीत. आत जावे तसतशी द्रव्ये मोलाची होत जातात आणि प्रवेशाचा अधिकार आकुंचित होत जातो. मेनाहेम हारान ह्यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात ही श्रेणी विस्ताराने दाखविली आहे. अर्थ एकेका खुंटीत नसून खुंट्यांमधील ह्या भेदात आहे.

ह्या दृष्टीने प्रचलित मराठी बायबलमधील परिभाषा तपासण्याजोगी आहे. ‘पारोखेत’ ह्यास ‘अंतरपट’ हा शब्द योजणाऱ्या भाषांतरकाराचे भाषाज्ञान वाखाणलेच पाहिजे. ‘पडदा’ ह्या सामान्य शब्दाने येथे काहीच साधले नसते. तथापि मराठी वाचकाच्या मनात अंतरपट म्हटला की मंगलाष्टके उभी राहतात. तो अंतरपट दूर व्हावा म्हणूनच धरलेला असतो. पारोखेत मात्र लोंबता राहण्यासाठी आहे. त्याच्या आत प्रमुख याजकाने वर्षातून एकाच दिवशी जावयाचे. उलट अनेक सिनॅगॉगांत तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याच्या कोनाड्यापुढे जो पारोखेत असतो, तो वाचनाच्या वेळी बाजूस सारला जातो. तेथे मराठी शब्द अधिक चपखल बसतो, हा एक योगायोगच.

‘दर्शनमंडप’ ह्याविषयी इतके उदार होता येत नाही. ‘ओहेल मोएद’ मधील ‘मोएद’ हा शब्द ठरवून भेटणे ह्या अर्थाच्या धातूपासून आला असून तो सणाच्या नेमलेल्या काळासही लागतो. दर्शन ही डोळ्यांची क्रिया. तिच्यामागे गाभारा व त्यातील मूर्ती गृहीत असते. निर्गमातील मंडपाच्या गाभ्यात मूर्ती नाही. तेथे करूबांच्या मधून बोलणे होते, म्हणजे इंद्रिय चालावयाचे ते कानांचे. ‘भेटीचा मंडप’ हा साधा प्रयोग पुरेसा होता.

सर्वांत सदोष शब्द ‘दयासन’ हा होय. ‘कप्पोरेत’ म्हणजे अडीच हात लांब व दीड हात रुंद असे, कोशावर ठेवावयाचे शुद्ध सोन्याचे झाकण. त्याच्या ‘क-प-र’ ह्या धातूत प्रायश्चित्ताचा अर्थ आहे, आसनाचा नाही. आसन आले ते लूथरच्या जर्मन भाषांतरातून, आणि तेथून इंग्रजीच्या वाटेने ते मराठीत उतरलेले दिसते. करूबांवर परमेश्वर विराजमान असल्याची भाषा हिब्रू शास्त्रात अन्यत्र येते, हे खरे. पण तो विचार झाकणाच्या नावात घुसडल्यामुळे जेथे मूळ संहितेने जागा मोकळी सोडली आहे, नेमके तेथेच भाषांतराने एक सिंहासन मांडले आहे. नवे भाषांतर करणाऱ्याने येथे ‘प्रायश्चित्ताचे झाकण’ असे लिहिण्याचे धैर्य दाखवावे, अथवा ‘कप्पोरेत’ हाच शब्द ठेवून समासात टीप द्यावी.