दोन अहवाल, एकच घाट

धाडसी पाऊल उचलावे की हळूहळू बदल घडवावा, हा प्रश्न पर्यावरणाच्या चर्चेत असा मांडला जातो, जणू एक स्वीकारले की दुसरे आपोआप सुटले. पश्चिम घाटाविषयीचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचले असता ही विभागणी फसवी आहे, असे आमचे मत झाले.

डॉ. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये आपला अहवाल दिला. संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडल्यामुळे त्यावर ‘अतिरेकी’ असा शिक्का बसला. परंतु आत काय आहे? रासायनिक कीटकनाशके सोडण्यास स्तरांनुसार पाच, आठ व दहा वर्षांची मुदत आहे आणि सीमा ग्रामसभांशी विचारविनिमय करूनच निश्चित कराव्यात, अशी शिफारस आहे. ध्येय धाडसी, वाटचाल मात्र पायरीपायरीने.

डॉ. कस्तुरीरंगन गटाचा एप्रिल २०१३ चा अहवाल व्यवहारी मानला गेला. त्याने सुमारे ३७ टक्के क्षेत्रच संवेदनशील ठरविले. तेथे खाणकामास नकार दिला, हे त्याचे श्रेय. तथापि सीमा मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून आखल्या गेल्या. मवाळ म्हणविला गेलेला हा अहवाल लोकांना विचारण्याच्या बाबतीत अधिक उतावीळ ठरतो.

गाडगीळ अहवालही निर्दोष नाही. पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ इंग्रजीत आहे. जिच्या हाती निर्णय सोपवायचा, त्या ग्रामसभेची ती भाषा नव्हे. ही पोकळी अफवांनी भरून काढली. २०१३ च्या अखेरीस केरळातील इडुक्की भागात या अहवालांविरुद्ध उठलेल्या निषेधात ख्रिस्ती शेतकरी होते, धर्मगुरूही होते. जमीन जाण्याचे त्यांचे भय आम्ही क्षुल्लक मानीत नाही. मात्र त्या भयाला वाट करून देण्याआधी मूळ मजकूर समजावून सांगणे हे आम्हां धर्मगुरूंचे कर्तव्य ठरते.

मार्च २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदेच निघत आहेत. ३० जुलै २०१४ रोजी माळीण दरडीखाली गेले. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडवर तोच प्रसंग ओढवला. दुसऱ्याच दिवशी सहावा मसुदा आला. दरडींचे सारे खापर कागदावर फोडणे अन्यायाचे होईल. पण एकाच पायरीवर दहा वर्षे उभे राहण्याला ‘हळूहळू बदल’ म्हणता येत नाही.

वाचकांनी दोन्ही अहवालांतील निदान शिफारशी तरी मिळवून वाचाव्यात आणि मगच कोणता अतिरेकी, ते ठरवावे.