अर्धा नट

एडिसनच्या ‘स्टँडर्ड’ फोनोग्राफचा फोटो काढायचा म्हटले की सगळ्यांचा कॅमेरा कर्ण्याकडे वळतो. कर्णा आहेच देखणा. पण मला विचाराल तर या यंत्राचा खरा रस फोटोत न दिसणाऱ्या एका तुकड्यात आहे. बोटाच्या पेराहून लहान, आतून आटे पाडलेला, मधोमध चिरून अर्धाच ठेवल्यासारखा. कारागीर त्याला ‘हाफ नट’ म्हणतात. आपल्याकडे नट म्हटला की तो उजेडात उभा असतो. हा अर्धा नट कायम पाठीमागे, तेलकट अंधारात, आणि तो चुकला की मग सगळ्या नाटकाला त्याची आठवण होते.

तो चुकल्याचे कसे कळते? गाणे नीट सुरू होते, दोन-चार ओळी सरळ जातात आणि मग गायक एकाच शब्दावर अडून बसतो. पुन्हा तोच शब्द, पुन्हा तोच. ऐकणारा रेकॉर्डला बोल लावतो. खुशाल लावावा, पण आधी भिंग घेऊन मागे वाकून पाहावे. नटाचे आटे झिजून सपाट झालेले असतात, एखादा तर तुटलेलाच. दुरुस्तीवाल्याच्या भाषेत ‘आटे गेले’. पोलादी दांडा फिरतो आहे, नट त्यावर नुसता घसरतो आहे आणि कॅरेज, म्हणजे आवाज काढणारा भाग रेकॉर्डवरून पुढे नेणारी गाडी, जागच्या जागी उभी आहे.

आता हे यंत्र ओळीओळीने वाचायला हवे. मेणाचा दंडगोल, म्हणजेच या यंत्राची रेकॉर्ड, ज्या मँड्रेलवर चढवतात, ते आणि आटे पाडलेला दांडा हे दोन्ही एकाच आसावर आहेत. दांड्यावर इंचाला १०० आटे. दोन मिनिटांच्या दंडगोलावरच्या खाचाही इंचाला १००. म्हणजे दंडगोल एक फेरा घेतो तेवढ्यात नट एक आटा, पाव मिलिमीटर, पुढे सरकतो आणि त्याच्या मागोमाग अख्खी कॅरेज. दोन ओळींचे यमक इतके चोख जुळलेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. चोख आणि गुपचूप.

याचे मोल तबकडीच्या ग्रामोफोनशेजारी ठेवल्यावर कळते. तिथे सुईला आणि तिच्यामागच्या जड हाताला आत ओढत नेण्याचे काम खाचेलाच करावे लागते. हमालाने डोक्यावर पोते घेऊन अभंग म्हणावा तसे ते आहे. म्हणता येतो, पण दम लागतो. फोनोग्राफने हमाल वेगळा ठेवला. ओझे नटाने वाहायचे, खाचेने फक्त बोलायचे. खाचेचा तळ खोल-उथळ होत जातो, नीलमणी त्यावर वरखाली होतो, तरफ पडदा हलवते. यात वीज कुठेही नाही.

आणि एवढे काटेकोर यमक जुळवून झाल्यावर कर्त्याने एक सैलपणा मुद्दाम ठेवला आहे. तो मला सर्वांत आवडतो. १९०२ पासून एडिसनचे दंडगोल साच्यात ओतून निघू लागले. थंड होताना मेण आकसते, म्हणून तर ते साच्यातून सुटते; पण आकसले की खाचांचे अंतरही केसभर हलणारच. त्याच काळातल्या ‘सी’ रिप्रोड्यूसरमध्ये, म्हणजे खाचेतून आवाज काढणाऱ्या भागात, नीलमणी ज्या वजनाखाली बसवला आहे, ते वजन बिजागरीवर लोंबते आणि थोडे डावी-उजवीकडे झुलूही शकते. नट म्हणतो ‘इथे’, खाच म्हणते ‘जरा पलीकडे’, आणि वजन मधल्या मध्ये तडजोड करते. ही झूल काढून टाका, यंत्र जास्त ‘अचूक’ होईल आणि वाजायचे बंद होईल.

दुरुस्तीत हीच समज लागते. आधी काहीही बदलू नये. पुष्कळदा आटे गेलेले नसतातच, शंभर वर्षांच्या तेलाची आणि धुळीची खळ त्यांत बसलेली असते. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. पॉलिश पेपर पाहिला की माझ्या अंगावर काटा येतो. नट खरोखर तुटला असेल तर दोन मोह होतात. एक, डाग देऊन तो भरून काढायचा. पाव मिलिमीटरच्या आट्यात डाग देणे म्हणजे तांदळावर मोहरीचे पोते ओतणे. दुसरा मोह अधिक वाईट, कारण तो यशस्वी होतो: नट दाबून धरणारी पट्टीची स्प्रिंग वाकवायची आणि दाब वाढवायचा. त्या संध्याकाळी गाणे पुढे सरकते, घरचे टाळ्या वाजवतात. पण तो दाब आता दांड्याचे आटे खाऊ लागतो. नट नवा मिळतो, दांडा सहजी मिळत नाही.

नवा नट बसवल्यावर लगेच रेकॉर्ड चढवण्याची घाई नको. रिप्रोड्यूसर काढून ठेवावा, मँड्रेल रिकामे ठेवावे, चावी द्यावी आणि घड्याळ लावून बसावे. मिनिटाला १६० फेरे हा वेग असेल तर कॅरेजला एक इंच सरकायला साडेसदतीस सेकंद लागतात. नट आणि वेग सांभाळणारा गव्हर्नर, दोघांची परीक्षा एकदम होते. कर्ण्यातून आवाज नाही, तरी ही साडेसदतीस सेकंदांची मूक मैफल मला गाण्याइतकीच आवडते.

जाता जाता त्या कुत्र्याची गोष्ट. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या चित्रात फ्रान्सिस बॅरॉडने आधी दंडगोलाचा फोनोग्राफच रंगवला होता, १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी त्याने त्यावर तबकडीचे यंत्र रंगवले. विशिष्ट उजेडात खालचे जुने यंत्र अजून जाणवते म्हणतात. माझ्या मते चित्राचा अर्थ जुन्या यंत्रातच होता. फोनोग्राफवर रिप्रोड्यूसरच्या जागी रेकॉर्डर बसवला की घरच्या माणसाचा आवाज घरीच मेणावर उतरत असे, तोच नट, तोच दांडा वापरून. धन्याचा आवाज कुत्र्याला ऐकू यायचा तर तो या यंत्रातून. तबकडीच्या यंत्रावर बाजारातली गाणी वाजत, धन्याला तिथे बोलायची सोयच नव्हती.

पुढे १९०८ मध्ये चार मिनिटांचे दंडगोल आले, इंचाला २०० खाचांचे. जुन्या यंत्राला दंतचक्रांची जोडणी दिली, दांडा निम्म्या वेगाने फिरू लागला, आणि नट होता तोच राहिला.

असे एखादे यंत्र तुमच्या पाहण्यात आले, तर चावी देण्याआधी कर्णा काढून बाजूला ठेवा, भिंग घ्या आणि आधी त्या अर्ध्या नटाचे आटे मोजा.