पारिभाषिक शब्दाची आकांक्षा : सरासरी, टक्का आणि धोका

संख्याशास्त्र, अर्थव्यवहार आणि अभियांत्रिकी यांचे ज्ञान सामान्य माणसाच्या नित्याच्या अडचणी सोडविण्यासाठी मराठीतून उपलब्ध व्हावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. त्यासाठी आपण आजवर मुख्यतः शब्द घडविले. सतराव्या शतकातील राज्यव्यवहारकोशापासून भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदनाम कोशापर्यंत, आणि पुढील शास्त्रवार परिभाषा कोशांपर्यंत, ही परंपरा प्राधान्याने नामांची आहे : परक्या नामासमोर आपले नाम. या परिश्रमांचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु शब्द मिळाला म्हणजे शास्त्र व्यवहारात उतरले, हे त्यामागील गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

आपल्या प्राचीन वाक्यमीमांसेने वाक्यार्थबोधाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत आकांक्षा हे प्रमुख होय. 'आणतो' एवढेच उच्चारले असता श्रोत्याचे समाधान होत नाही, 'कोण?' आणि 'काय?' हे प्रश्न उरतात. पारिभाषिक शब्दालाही अशी आकांक्षा असते. कोश तिची नोंद करीत नाही, आणि व्यवहारात नेमकी तीच अपुरी ठेवून शब्द वापरला जातो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरातील तीन परिचित शब्दांच्या आधारे हे दाखविता येईल. यांपैकी एकही शब्द दुर्बोध नाही, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे.

पहिला शब्द 'सरासरी'. याच्या मुळाशी असलेल्या फारसी 'सरासर' चा अर्थ 'या टोकापासून त्या टोकापर्यंत' असा आहे. आज मात्र हा शब्द दोन्ही टोके झाकण्याच्या कामी येतो. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोहोचला. या मार्गावरील गर्दीची चर्चा बहुधा 'गाडीमागे सरासरी इतके प्रवासी' या भाषेत होते. समजा, एका गाडीत २,००० प्रवासी आहेत आणि दुसरीत ४,०००. सरासरी ३,००० झाली, आणि तीत काही खोटे नाही. परंतु ती गाडीची सरासरी होय. एकूण ६,००० प्रवाशांपैकी ४,००० जण भरलेल्या गाडीत आहेत. म्हणून प्रत्येक प्रवाशाला 'तुझ्या गाडीत किती माणसे होती?' असे विचारून उत्तरांची सरासरी काढली, तर ती सुमारे ३,३३३ येते. प्रतीक्षेचेही तसेच. दोन गाड्यांमधील अंतरे आळीपाळीने २ आणि १० मिनिटांची असतील, तर सरासरी अंतर ६ मिनिटे ठरते, आणि प्रवाशाला सरासरी ३ मिनिटे थांबावे लागेल असे वाटते. वस्तुतः वेळापत्रक न पाहता फलाटावर येणारे बहुतेक प्रवासी लांब अंतरातच सापडतात, आणि त्यांची सरासरी प्रतीक्षा ४ मिनिटे २० सेकंद भरते.

डोंबिवलीचा प्रवासी 'गाड्या वाढल्या म्हणतात, मग मला जागा का नाही?' असे विचारतो, तेव्हा त्याला गणित कळत नाही असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याचा प्रश्न षष्ठी विभक्तीचा आहे : सरासरी कोणाची? गाडीची की प्रवाशाची? संख्याशास्त्रात यावर 'भारित सरासरी' ही संज्ञा तयार आहे. पण भार कोणाचा, ही तिची आकांक्षाही अपुरीच राहते. अभियांत्रिकीच्या भाषेत मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी 'सुपर डेन्स क्रश लोड' अशी संज्ञा रूढ आहे : दर चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी. या संज्ञेचे एक मान्य केले पाहिजे की ती 'कशामागे किती' हे स्पष्ट सांगते. मात्र तिने मोजलेली वस्तू भार आहे, माणूस नव्हे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात उभे असलेले प्रवासी धावत्या गाड्यांतून पडून मृत्युमुखी पडले. दारातील माणसाची अवस्था डब्याच्या सरासरीतून वाचता येत नाही, हे त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन समजले.

दुसरा शब्द 'टक्का'. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (इ. स. ११५०) व्याजाच्या उदाहरणात महिना आणि शंभर या दोन्हींचा निर्देश आढळतो. आपल्या शालेय अंकगणितानेही 'द. सा. द. शे.' हा संक्षेप पिढ्यानुपिढ्या जपला. 'दर साल दर शेकडा' या चार शब्दांत काळ आहे आणि आधारही आहे. संज्ञेने आपली आकांक्षा स्वतःच पुरविली आहे. तिच्या जागी सुटसुटीत 'टक्का' आला आणि दोन्ही गोष्टी गळाल्या.

याचा परिणाम केवळ भाषिक नाही. एखाद्या कुटुंबाने १,२०,००० रुपयांचे कर्ज वर्षभरासाठी '१० टक्क्यांनी' घेतले. संपूर्ण मूळ रकमेवर १२,००० रुपये व्याज आकारून महिन्याला ११,००० रुपयांचा हप्ता ठरला. वरवर पाहता दर दहाच आहे. परंतु सावकाराच्या हिशेबाने प्रत्येक हप्त्यातून १०,००० रुपये मुद्दल फिटत असल्याने, पहिल्या महिन्यात कुटुंबाकडे १,२०,००० रुपये असतात आणि शेवटच्या महिन्यात अवघे १०,०००. वर्षभराची सरासरी ६५,००० पडते. तेवढ्याच रकमेच्या वापरासाठी १२,००० रुपये दिले गेले. शिलकी मुद्दलावर मोजल्यास हा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. येथे प्रश्न अधिकरणाचा आहे : टक्का कशावर? मूळ रकमेवर की शिलकेवर? भारतीय रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने आपल्या नियमनाखालील संस्थांना, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी, सर्व आकारांसह वार्षिक दर दाखविणारे मुख्य तथ्यांचे विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक केले. हे स्वागतार्ह होय. तथापि, 'समजेल अशी भाषा' म्हणजे इंग्रजी संज्ञांच्या जागी मराठी संज्ञा एवढाच अर्थ घेतला गेला, तर 'टक्का' मराठीतही तितकाच मुका राहील.

तिसरा शब्द 'धोकादायक'. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत आणि त्यापाठोपाठ ऑगस्टमध्ये ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती कोसळून माणसे दगावली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांपुढील इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक आहे. तपासणीनंतर इमारतींची वर्गवारी होते : 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडावयाची, 'सी-२ ए' म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, 'सी-२ बी' म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची, आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. अक्षरे आणि अंक बाजूला सारून पाहिल्यास, मधल्या दोन वर्गांतील सारा भेद 'करून' आणि 'न करता' या दोन धातुसाधितांत सामावलेला आहे. कुटुंबाने आज रात्री कोठे झोपावे, हे त्या रूपांवर अवलंबून आहे. असे असता सामान्य बोलण्यात आणि बातम्यांत उरतात ती 'धोकादायक' व 'अतिधोकादायक' ही विशेषणे; 'अति' हा उपसर्ग तीव्रता सांगतो, कृती सांगत नाही.

शिवाय 'इमारत रिकामी करण्यात यावी' या कर्मणी रचनेत कर्ता लुप्त असतो. कोणी करावी, केव्हापर्यंत, आणि गेलेल्या भाडेकरूचा घरावरील हक्क कोणी राखावा, या आकांक्षा वाक्य संपले तरी संपत नाहीत. पुष्कळ रहिवासी अशा घरांतून हलत नाहीत, याचे कारण त्यांना स्तंभ-तुळयांचे शास्त्र समजत नाही हे नव्हे. अभियंत्याचे विधान इमारतीविषयी आहे आणि रहिवाशाचा प्रश्न परतण्याविषयी आहे. त्या दोहोंना जोडणारे वाक्यच त्याच्यापुढे ठेवलेले नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. परिभाषेचे काम संकल्पना नेमकी करण्याचे आहे; संदर्भ पुरविणे हे बोलणाऱ्याचे काम आहे, त्याचा दोष कोशावर का ठेवावा? आक्षेपात तथ्य आहे, आणि हेतुतः आकांक्षा अपुरी ठेवणाऱ्याला कोणताही कोश आवरू शकणार नाही. उत्तम वाक्याने फलाटावरील गर्दी ओसरणार नाही, हेही खरे. परंतु ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता यावा, एवढे सामर्थ्य भाषाशिक्षण देऊ शकते. 'द. सा. द. शे.' शिकलेल्या विद्यार्थ्याला 'कशावर?' हा प्रश्न वेगळा शिकवावा लागत नव्हता, कारण तो संज्ञेतच गोवलेला होता.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. परिभाषा कोशातील प्रत्येक व्यावहारिक संज्ञेपुढे प्रतिशब्द व व्याख्या यांबरोबर तिची आकांक्षाही नोंदवावी : 'सरासरी' पुढे 'कशाची, कोणामागे', 'टक्का' पुढे 'कशावर, किती काळात', 'धोकादायक' पुढे 'कोणास, केव्हापर्यंत, कोणी काय करावे'. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी हा विषय सहज घेता येईल, आणि त्याची सामग्री ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या फलाटांवर, कर्जाच्या कागदांवर व जिन्यातील नोटिसांवर विपुल आहे. नवे शब्द आपण पुष्कळ घडविले. आता हाती असलेल्या शब्दांना त्यांची राहिलेली पदे मिळवून देणे, हे भाषाभ्यासकाचे काम आहे.