क्रिस्तपुराणांतील भाषास्तुतीचे दृष्टांत

फादर थॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणाच्या आरंभींच्या अवस्वरूंत मराठी भाषेची जी स्तुति आहे, ती मराठीच्या थोरवीचा दाखला म्हणून वारंवार पुढें केली जाते. तींतील दृष्टांतांची जात कोणती, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरु, राशि, वार अशी ही माला आहे. प्रत्येक वर्गांतून श्रेष्ठ वस्तु निवडावयाची व शेवटीं वर्ण्य विषयावर यावयाचें, ही तिची रीति. गीतेच्या दहाव्या अध्यायांतील विभूतिवर्णनाची रीति हीच. तेथें वृक्षांत अश्वत्थ व पक्ष्यांत गरुड निवडिला आहे. मात्र तेथें प्रत्येक श्रेष्ठ वस्तु हीच ईश्वराची विभूति आहे; येथें ती भाषेची केवळ उपमा आहे. देवाच्या वर्णनाची रीति भाषेस लाविली, हें या ओंव्यांचें मर्म होय. तथापि एवढ्यावरून कवीनें गीता समोर ठेवून लिहिलें असें म्हणणें घाईचें होईल. ही रीति पुराणवाङ्मयांत सर्वत्र रुळलेली आहे.

गरुडाचें स्थान मोरास मिळालें, तें धर्मभेदामुळें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण कल्पतरु तर कायम आहे. खरें कारण ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेंत सांपडतें. सामान्य जनांस समजावें म्हणून शुद्ध मराठींत ब्राह्मणभाषेचे सोपे शब्द मिसळले, असें कवि तेथें सांगतो. शब्दांविषयींचा हाच विवेक दृष्टांतांतही आहे. मोगरा व मोर गोमंतकांतील श्रोत्याच्या नित्य पाहण्यांतले. म्हणून तेथें ओंवीस जोर आहे. कल्पतरु कोणीं पाहिलेला नाहीं. तो केवळ संकेतानें आला आहे व तेवढाच फिका आहे.

या विचाराचा पाठनिर्णयास उपयोग आहे. ग्रंथ इ. स. १६१६, १६४९ व १६५४ मध्यें छापला गेला. परंतु त्या मुद्रणांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. सालढाणा यांची १९०७ ची मंगळूर आवृत्ति रोमी हस्तलिखितांवरून झाली. लंडन येथील देवनागरी मार्सडन प्रत १९२५ मध्यें डॉ. ॲबट यांनीं पुढें आणिली व तीस मूळ पाठ म्हटलें. रोमी पाठांत जेथें पोर्तुगीज शब्द, तेथें तींत बहुधा संस्कृत शब्द येतात. त्यामुळें मूळ कोणतें याविषयीं मतभेद झाला. आजवरचा वाद मुख्यतः या धर्मपरिभाषेवर चालला. पण परिभाषेचा एक शब्द काढून दुसरा घालणें लेखकास सोपें; दृष्टांतमालेंतील एक मणि बदलला तर यमक व क्रम दोन्ही ढळतात. म्हणून जुना पाठ दृष्टांतांत अधिक टिकण्याचा संभव आहे.

याकरितां ज्यांच्या संग्रहीं क्रिस्तपुराणाचीं सुटीं पानें असतील, त्यांनीं परकी शब्दांबरोबरच दृष्टांतांचे पाठभेदही टिपून ठेवावे, अशी आमची विनंति आहे. फाटक्या पानावरील एका फुलाचें नांवही या वादांत साक्ष देऊं शकेल.