पाषाणरेषा आणि गुप्तधनाचें वाङ्मय

प्राचीन पाषाणांविषयीं इंग्रजी भाषेंत गेल्या दीडशें वर्षांत जें विपुल वाङ्मय निर्माण झालें, त्याचे ढोबळ मानानें दोन भाग पडतात. एका भागांतील ग्रंथकार दगडांच्या रांगेवरून आकाशाकडे पाहतो. दुसऱ्या भागांतील ग्रंथकार त्याच रांगेवरून जमिनीकडे पाहतो. पहिल्यास सूर्यचंद्रांचे उदयास्त शोधावयाचे असतात, दुसऱ्यास पुरलेलें सोनें. ही वांटणी अशीच राहिली असती तर समीक्षकाचें काम सोपें झालें असतें. परंतु दुसऱ्यानें पहिल्याची परिभाषा उसनी घेतली आहे. दिगंश, क्रांति, संपातचलन हे शब्द ज्या पानावर येतात, त्याच्याच पुढल्या पानावर भुयार येतें. आणि सुशिक्षित वाचक पहिल्या पानावरील गणिताच्या भरंवशावर दुसऱ्या पानावरील भुयारांत उतरतो. ह्या ग्रंथांची परीक्षा पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं करावी, साहित्याच्या अध्यापकांनीं त्यांत पडूं नये, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पुरावा कोठें संपला आणि कथा कोठें सुरू झाली, हें ओळखणें आमच्याच व्यवसायाचें काम आहे.

परीक्षेसाठीं आम्ही एक स्थळ घेतों, कारण तेथें आकाश आणि धन हीं दोन्ही एकाच छताखालीं आलीं आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील मुख्य बेटावर मेझहाउ नांवाची एक हिरवीगार टेंकडी दिसते. दुरून ती निसर्गाची वाटते. पण ती माणसांनीं सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीं रचलेली समाधि आहे. तिचा व्यास सुमारें ३५ मीटर, उंची सात मीटरांहून कांहींशी अधिक. आंत जाण्यास एक लांब आणि ठेंगणा मार्ग आहे. त्यांतून वांकूनच जावें लागतें. पलीकडे साडेचार मीटर लांबीरुंदीचें चौरस दालन, आणि त्याच्या तीन भिंतींत एकेक लहान कोठडी. चुना नाहीं, लोखंडाचें हत्यार नाहीं. फरशीवर फरशी नुसती बसविलेली. मार्गाचें तोंड नैर्ऋत्येकडे आहे. ऐन हिवाळ्यांत, जेव्हां त्या अक्षांशावर दिवस जेमतेम सहा तासांचा उरतो, तेव्हां मावळत्या सूर्याचे किरण ह्या मार्गांतून सरळ आंत शिरतात आणि दालनाच्या मागील भिंतीवर पडतात.

हें दालन १८६१ सालीं जेम्स फॅरर ह्यांनीं उघडलें. त्यांस धन मिळालें नाहीं. मिळाला तो मानवी कवटीचा तुकडा, कांहीं जनावरांचीं हाडें, आणि भिंतींवर रून लिपींत कोरलेले तीसांहून अधिक लेख. हे लेख बाराव्या शतकांतील नॉर्स लोकांचे. समाधि बांधणारांस लिपि ठाऊक नव्हती. लेख कोरणारांस समाधि कोणाची हें ठाऊक नव्हतें. दोहोंमध्यें जवळजवळ चार हजार वर्षांचें अंतर आहे. ऑर्कनीच्या अर्लांची जी जुनी सागा आहे, तिच्यांत ११५३ च्या सुमारास हिमवादळांत सांपडलेल्या कांहीं लोकांनीं ह्याच टेंकडींत आसरा घेतला आणि त्यांपैकीं दोघांस वेड लागलें, अशी हकीकत आहे.

लेखांपैकीं कांहींत धनाचा उल्लेख येतो, आणि गुप्तधनवादी ग्रंथकारांचा सारा डोलारा त्यांवर उभा असतो. एक लेख म्हणतो कीं धन पूर्वींच नेण्यांत आलें. एक म्हणतो कीं हाकोननें तें एकट्यानें नेलें. आणखी एक म्हणतो कीं वायव्येस मोठें धन दडलेलें आहे. जवळच, तें ज्यास सांपडेल तो भाग्याचा, अशी पुस्ती आहे. धन नेलें असेल तर दडलेलें कसें, आणि एकट्यानें नेण्याजोगें असेल तर एवढें मोठें कसें, हा प्रश्न ह्या ग्रंथकारांस पडत नाहीं. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं त्याच भिंतींवर इतर जे लेख आहेत ते ते वगळतात. कोणी नुसतें आपलें नांव कोरलें आहे. कोणी एका सुंदर स्त्रीचें. कोणी एका विधवेसंबंधीं चावट शेरा मारला आहे. आणि एकानें तर पश्चिम समुद्रापलीकडे आपल्याएवढा रूनांचा जाणकार नाहीं अशी फुशारकी मारली आहे. धर्मशाळेच्या भिंतींवर कोळशानें लिहिलेला मजकूर ज्यांनीं वाचला आहे त्यांस हा सूर चटकन् ओळखूं येईल. थंडीनें गारठलेल्या, रिकाम्या बसलेल्या तरुण मंडळींची ही थट्टा आहे. लेख कोणत्या संगतींत आला हें न पाहतां त्यांतील तीन-चार वाक्यें उचलणें हा वाचनाचा दोष आहे. तो करणाऱ्यानें त्यापुढें कितीही सूक्ष्म कोन मोजले तरी दोष भरून येत नाहीं.

येथें एक योगायोग सांगितलाच पाहिजे; तो दडविला तर आम्हीही त्याच पंक्तींत बसूं. मेझहाउच्या वायव्येस समुद्रकांठीं स्केल नांवाचा उपसागर आहे. १८५८ सालच्या मार्चांत तेथें सशाच्या बिळापाशीं उकरणाऱ्या एका मुलास चांदी लागली. पुढें खणतां खणतां हांसळ्या, कडीं, चांदीचे तोडलेले तुकडे आणि नाणीं असा आठ किलोहून अधिक वजनाचा सांठा निघाला. तो आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. म्हणजे वायव्येस मोठें धन खरोखरच होतें! परंतु नाण्यांवरून पाहतां तें दहाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास पुरलें गेलें, लेख कोरले जाण्यापूर्वीं कांहीं नाहीं तरी पावणेदोनशें वर्षें. तें सांपडलें तेव्हां मेझहाउचे लेख कोणी वाचलेच नव्हते. ते उजेडांत आले त्यानंतर तीन वर्षांनीं. आणि ‘वायव्य’ हा शब्द एका बेटाच्या केवढ्या भागावर पसरतो ह्याचा विचार करावा. सांठा शोधून देण्याचें श्रेय द्यावयाचेंच असेल तर तें सशास द्यावें.

आतां सूर्याकडे वळूं, कारण तेथें न्याय वेगळा आहे. मेझहाउचा मार्ग, नैर्ऋत्येस अर्ध्या मैलाच्या आंत उभी असलेली बार्नहाउस शिळा आणि हिवाळ्यांतील सूर्यास्त ह्यांचा संबंध ऑर्कनीचे एक शाळामास्तर मॅग्नस स्पेन्स ह्यांनीं १८९४ पर्यंत मांडला होता. त्याचा उपयोग सर नॉर्मन लॉकियर ह्यांनीं १९०६ च्या आपल्या ब्रिटिश पाषाणांवरील ग्रंथांत केला. लॉकियर हें नांव महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठीं ते विजयदुर्गास आले होते, आणि त्या किल्ल्यावरचे ओटे अद्याप ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखविले जातात. हीलियमचा शोध त्यांनीं तेथेंच लावला असें जें कौतुकानें सांगितलें जातें तें मात्र खरें नव्हे. ती पीत रेषा त्यांनीं १८६८ सालीं इंग्लंडांतून पाहिली होती. दगडाच्या ओट्याभोंवतीं तीस वर्षें अलीकडची कथा कशी चढते, ह्याचें हें आपल्या घरचें उदाहरण.

लॉकियरांची चूक त्यांच्या विषयांत नव्हती, अचूकपणाच्या हव्यासांत होती. १९०१ सालीं त्यांनीं स्टोनहेंजच्या अक्षरेषेवरून त्या वास्तूचा काळ इसवी सनापूर्वीं १६८० च्या सुमाराचा ठरविला, आणि चूक झालीच तर दोनशें वर्षांची, असें म्हटलें. आज तेथील मोठे दगड इसवी सनापूर्वीं २५०० च्या सुमारास उभे झाले असें समजतें. क्रांतिवृत्ताचा तिरकसपणा, ज्यास आपले सिद्धांतकार परमक्रांति म्हणतात आणि २४ अंश मानतात, हजार वर्षांत सात-आठ कलाच बदलतो, म्हणजे सूर्यबिंबाच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढा. झिजलेल्या, कललेल्या दगडांवरून इतका बारीक फरक वाचणें अशक्य. शिवाय सूर्योदय म्हणजे बिंबाची वरची कड दिसणें कीं पूर्ण बिंब वर येणें, एवढ्या एका प्रश्नावरच शतकें इकडची तिकडे होतात. त्याच काळांत आपल्याकडे टिळकांनीं ‘ओरायन’ (१८९३) मध्यें आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं आपल्या ज्योतिःशास्त्राच्या इतिहासांत (१८९६) आकाशावरून वेदकालाचा निर्णय केला. त्यांची भिस्त संपातचलनावर होती, आणि तें सुमारें बहात्तर वर्षांत एक अंश सरकतें. त्यांच्या घड्याळाचा कांटा लॉकियरांच्या कांट्याहून पुष्कळच वेगानें फिरणारा होता. त्यांच्या वाटेंतील अडचण मोजमापाची नसून वेदवाक्यांच्या अर्थाची होती. असो.

लॉकियरांच्या ह्या चुकीचा परिणाम असा झाला कीं पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं पुढें दोन पिढ्या सारा विषयच हंसण्यावारी नेला. हाही अन्यायच होता. आयर्लंडांतील न्यूग्रेंज येथील समाधींत प्रवेशद्वाराच्या वर एक चौकट आहे. मायकेल ओकेली ह्यांनीं २१ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे आंत बसून पाहिलें, तों उगवत्या सूर्याचा किरण त्या चौकटींतून आंत आला आणि मार्गाच्या शेवटापर्यंत पोंचला. लोक पूर्वींपासून तसें सांगत असत. विद्वानांनीं कान दिला नव्हता. ती चौकट प्रकाशावांचून दुसऱ्या कोणत्याही कामाची नाहीं, म्हणून तो पुरावा भक्कम. मेझहाउचें तसें नाहीं. तेथें किरण दक्षिणायनान्ताच्या आधीं आणि नंतर मिळून कित्येक आठवडे आंत येतो. नेमक्या दिवसावर बोट ठेवतां येत नाहीं. म्हणून ‘बांधणारांनीं हिवाळ्यांतील मावळता सूर्य मनांत धरला होता’ एवढें म्हणणें आम्ही मान्य करूं. ‘ही कालमापनाची वेधशाळा होती’ हें मान्य करणार नाहीं.

कोठें थांबावें हें कळण्यास थोडें अंकगणित पुरे. एका वर्तुळांत वीस दगड असले तर प्रत्येकावरून उरलेल्या एकोणीस दगडांकडे पाहतां येतें. म्हणजे ३८० दिशा. क्षितिजाचे अंश तर ३६०. आतां सूर्याच्या अयनान्तांचे आणि विषुवदिनांचे उदयास्त मिळून सहा बिंदू, चंद्राच्या अतिक्रांतींचे आठ. प्रत्येकास दोहों बाजूंस एक अंशाची सवलत दिली कीं क्षितिजाचे २८ अंश व्यापले. दगड डोळे मिटून मांडले तरी ३८० पैकीं तीसेक रेषा कोठेंतरी जुळणारच. त्यांत तारे घातले, आणि कोणत्या शतकांतील तारा घ्यावयाचा ही मुभा लेखकास दिली, कीं न जुळणारा दगड शोधणेंच कठीण होईल. जुळलेल्या रेषांचा नकाशा पुस्तकांत छापतात. न जुळलेल्या रेषांचा छापीत नाहींत.

ह्या दोषावर उपाय आहे, आणि तो झालेलाही आहे. ऑक्सफर्डचे यंत्रशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर थॉम ह्यांनीं आयुष्यभर स्कॉटलंडचे पाषाण मोजले. १९६७ सालच्या त्यांच्या ग्रंथांत कलांपर्यंत बारीक चंद्रवेध आणि २.७२ फुटांचा एक प्राचीन गज मांडलेला आहे. पुढें क्लाइव्ह रगल्स ह्यांनीं पश्चिम स्कॉटलंडांतील तीनशें स्थळें, जुळणारीं आणि न जुळणारीं दोन्ही, सारख्याच नियमानें तपासलीं. थॉम ह्यांचा बारीक वेध टिकला नाहीं. एक ढोबळ कल मात्र शिल्लक राहिला. ईशान्य स्कॉटलंडांत आडव्या शिळेचीं जीं वर्तुळें आहेत, त्या सर्वांत ती शिळा दक्षिणेच्या अंगालाच आढळते. एका वास्तूचा योगायोग असूं शकतो. एवढ्या वास्तूंची संवय योगायोग नसते. थॉम ह्यांच्या हातांतून बारीक वेध गेला, पण मोजमापें पुढच्यांच्या उपयोगीं पडलीं. चुकणाऱ्या विद्वानाचें ऋण असें फिटतें.

गुप्तधनाच्या वाङ्मयांत हें होऊं शकत नाहीं, कारण तेथें चुकणेंच शक्य नसतें. कॅनडांतील ओक बेटाचें उदाहरण घ्या. तेथें अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एका खड्ड्यांत धन आहे ह्या समजुतीनें खणणें चालत आलें. धन निघालें नाहीं. तेव्हां किनाऱ्यावरील दगडांचा एक त्रिकोण खड्ड्याची दिशा दाखवितो असें निघालें. पुढें मोठ्या शिळांचा एक क्रूस निघाला. खड्डा रिकामा, म्हणजे धन अधिक खोल. अधिक खोलही रिकामा, म्हणजे बाजूस. बाजूसही रिकामा, म्हणजे दगड चुकीचे वाचले. सिद्धांत मात्र कधींच चुकत नाहीं. १७ ऑगस्ट १९६५ रोजीं तेथें एका विवरांत बाप, मुलगा आणि आणखी दोघे असे चौघे एकाच दिवशीं मृत्यु पावले. दगडांचा तो त्रिकोणही त्याच दशकांतील यांत्रिक खोदाईंत नाहींसा झाला. त्याचें जें काय खरें होतें तें आतां तपासतां येणार नाहीं. ह्या पुस्तकांस निरुपद्रवी करमणूक म्हणणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

करमणुकीविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पो ह्यांची सोनेरी भुंग्याची कथा (१८४३) आणि डॉइल ह्यांची मस्ग्रेव्ह घराण्याच्या प्रश्नोत्तरांची कथा (१८९३) आम्ही अजूनही आवडीनें वाचतों. दुसऱ्या कथेंत तर ओक वृक्षावरचा सूर्य आणि एल्म वृक्षाची सावली ह्यांवरून जागा काढली जाते. तीं उत्तरें नेमकीं जुळतात, कारण लेखकानें धन आधीं पुरलें आणि कोडें नंतर रचलें. वाचकास हें ठाऊक असतें, म्हणून त्यांत फसवणूक नाहीं. ओक बेटाचा लेखकही कोडें स्वतःच रचतो, पण तें आपणांस सांपडलें असें म्हणतो. कलेच्या दृष्टीनेंही तो उणाच ठरतो. त्याच्या कथेस शेवट नसतो, पुढला खंड असतो.

नागपुराजवळ जुनापाणी येथें लोहयुगांतील सुमारें तीनशें शिलावर्तुळें आहेत, आणि त्यांतील कांहीं दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नाक ह्यांनीं १८७९ मध्यें त्यांविषयीं लिहिलें आणि युरोपांतील तशाच खळग्यांशीं त्यांचें साम्य दाखविलें. त्या खळग्यांच्या दिशांवरून जो कोणी आकाशाचें कांहीं सांगेल त्याचें आम्ही आनंदानें ऐकूं. त्यास आमचे प्रश्न दोनच राहतील. तीनशेंपैकीं किती वर्तुळें आपण मोजलीं? आणि न जुळलेलीं कोणत्या पानावर आहेत?