‘सत्तानाट्य’ या शब्दाविषयी

मंडळी, विषय राजकारणाचा आहे खरा, पण आम्ही बोलणार आहोत एका शब्दावर. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वर्तमानपत्र उघडलं की तो मथळ्यात असायचा आणि टीव्ही लावला की खालच्या पट्टीत धावायचा. सत्तानाट्य. कधी महानाट्य. मग ओघानंच अंक आले, पडद्यामागच्या हालचाली आल्या. आपण सगळ्यांनी तो शब्द उचलला. आम्हीही वापरला, बोलण्यात आणि लिहिण्यातसुद्धा. आज तो मागे घ्यायला उभे आहोत असं समजा.

तारखा आठवून बघा. २१ ऑक्टोबरला मतदान, २४ ला निकाल. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताला १४५ लागतात आणि एकत्र मतं मागणाऱ्या युतीकडे १६१ होते. बेरजेत काही अडचणच नव्हती! अडलं ते मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीवर. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, २३ च्या पहाटे उठली, सकाळी एक शपथविधी झाला, २६ ला राजीनामा, २८ ला शिवाजी पार्कावर दुसरा शपथविधी. आपल्या जिल्ह्याचे आमदार सात. त्यांत तीन भाजपचे, दोन सेनेचे, एक राष्ट्रवादीचा, एक काँग्रेसचा. म्हणजे चारही बाजू आपल्याच मतांवर उभ्या होत्या. रागवायचं तर कोणावर, हा प्रश्न बुलढाण्याइतका अवघड क्वचितच कुठे असेल.

आणि त्याच दिवसांत वावरात काय चाललं होतं? दिवाळीच्या सुमारास लागलेला पाऊस हटत नव्हता. सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुड्या भिजल्या, शेंगांतल्या शेंगांत कोंब फुटले. ज्वारी काळी पडली. कपाशीची बोंडं झाडावरच सडली. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक चिखल तुडवत पंचनामे करत होते. आणि टीव्हीवर मुंबईतल्या हॉटेलांची दारं दिसत होती.

आपल्याकडे भेंडवळची घटमांडणी असते. जळगाव जामोद तालुक्यात, अक्षय्य तृतीयेला. त्या भाकितावर आमचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर अंधश्रद्धा निर्मूलनवाले मित्र सभेनंतर आम्हाला सोडायचे नाहीत. पण ती मांडणी एकदा नीट पाहा. गोल घटात अठरा धान्यं. मधोमध पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याचा करवा, आणि जवळच पानविडा. तो पानविडा म्हणजे राजा, त्याची गादी. रात्रभरात दाणा हलला का आणि विडा हलला का, हे सकाळी एकाच वेळी, एकाच नजरेनं बघितलं जातं. पीक आणि राजा एकाच रिंगणात. २०१९ च्या बातम्यांत हेच रिंगण तुटलं होतं. राजा पहिल्या पानावर, पीक आतल्या जिल्हा-पानावर.

ते तोडण्याचं काम या शब्दानं केलं, असं आमचं म्हणणं आहे. नाटक म्हटलं की आपण प्रेक्षक झालो. प्रेक्षकाला राग येत नाही, कंटाळा येतो. त्या महिन्यात चहाच्या टपरीवर आम्ही ‘कंटाळा आला राव यांचा’ हे जितकं ऐकलं, तितकं ‘यांनी आमचं नुकसान केलं’ हे ऐकलं नाही. आणि कंटाळलेला माणूस फक्त शेवट मागतो. कोणता शेवट, हे तो विचारत नाही. २३ तारखेला सकाळी ‘सुटलं बुवा एकदाचं’ म्हणणारे आणि २८ ला संध्याकाळी तेच म्हणणारे लोक आम्हाला ठाऊक आहेत. पाच दिवसांत दोन उलटी सरकारं, आणि सुस्कारा मात्र एकच!

नेमक्या त्याच महिन्यांत ब्रिटनमध्येही लोक वैतागले होते. २०१६ च्या जूनमध्ये ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. बाहेर पडायची तारीख २९ मार्च २०१९, मग १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी. आपल्या पत्रकारांनी तिथेही ‘पेच’ हाच शब्द लावला. पण दोन्ही पेच एक नव्हेत. तिकडे खरा प्रश्न होता. आयर्लंडच्या सरहद्दीचं करायचं काय? थेरेसा मे यांचा करार सभागृहात ४३२ विरुद्ध २०२ असा पडला, पुन्हा पडला, तिसऱ्यांदाही पडला. एका रात्री आठ पर्याय मतांना टाकले, आठही पडले. हास्यास्पद वाटेल, पण कोणी काय नाकारलं याची नोंद राहिली. आपले २८८ आमदार शपथ घ्यायलासुद्धा २७ नोव्हेंबरपर्यंत सभागृहात बसले नव्हते. तिकडचा पेच सभागृहात होता, इकडचा हॉटेलात.

तरी शेवट सारखाच झाला, हे कबूल करायला हवं. बोरिस जॉन्सन यांनी लोकांच्या कंटाळ्यालाच घोषणा केलं. ब्रेक्झिट एकदाचं उरकून टाका! १२ डिसेंबरला त्यांना ३६५ जागा मिळाल्या. उरकणं आणि सोडवणं यातला फरक विचारायला मतदार थकलेला होता.

आता कोणी म्हणेल, सरकार नव्हतं म्हणून मदत थोडीच अडली? बरोबर आहे. राज्यपालांनी १६ नोव्हेंबरला खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले, दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे एकरी साधारण ३,२००. अडलं ते वेगळंच. हा आकडा ८,००० च का, हे विचारायला समोर कोणी नव्हतं. राज्यपालांना आपण निवडत नाही, पाडतही नाही. हेक्टरी २५,००० ची मागणी तेव्हा उद्धव ठाकरे करत होते. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तोच आकडा घेऊन भाजपचे आमदार त्यांच्यासमोर उभे राहिले. आकडा तोच, बाकं बदललेली. हेही आपण नाटक म्हणून पाहिलं, हसलो, आणि फॉरवर्ड केलं.

२८ नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांबरोबर सहा मंत्र्यांनी शपथ घेतली. मंत्रिमंडळ वाढलं ३० डिसेंबरला, तेव्हा सिंदखेड राजाचे राजेंद्र शिंगणे मंत्री झाले आणि पुढे आपल्या जिल्ह्याला पालकमंत्री मिळाला. तोवर सोयाबीनची ती कोंबाळलेली रानं नांगरून झाली होती आणि त्यांत पेरलेला हरभरा फुलावर आला होता.